तिसरी बॅटरी

"भाऊ, पुलावर चढूनच नाही राहिली हे गाडी." ताईंनी स्टँड लावायच्या आधीच सांगून टाकलं. "जाताना मंगळवारीच्या पुलावर धापा टाकते, अन् येताना तं मध्येच बसते. दोन मिनिटं थांबली का मंग चालते. मोटर गरम होऊन राहिली का काय?"

फेब्रुवारी २०२५ ची गोष्ट. ताई नारा रोडच्या बाजूला राहतात, घरी डबे करतात आणि सदरमधल्या ऑफिसांमध्ये स्वतः नेऊन पोचवतात. रोजचे बावीस डबे. जुनी बॅटरीवरची स्कूटर त्यांनी चोवीस हजारांत घेतली होती, त्यातले निम्मे बचत गटातून उचललेले. घेऊन तीन आठवडे झाले होते. आदल्या दिवशी तर गाडी जातानाच पुलावर बसली, डबे पाऊण तास उशिरा पोचले आणि एका ऑफिसनं उद्यापासून नको म्हणून सांगितलं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही, पण पायदानावरच्या डब्यांच्या पिशवीवरचा हात काही त्यांनी काढला नाही.

माझं दुकान नागपूरच्या जरीपटक्यात, बाजाराच्या मागच्या गल्लीत. शेजारी पापडाचं दुकान, समोर कपड्याचं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं इथं येऊन राहिली, त्यांनी ही बाजारपेठ उभी केली, आणि माझ्यासारख्या कारागिरांना त्यांच्या आधारानं काम मिळत गेलं. आयटीआय करून मी आधी कूलरच्या मोटरी भरायचो. नागपूरच्या उन्हाळ्यात त्या धंद्याला मरण नाही. २०१४ नंतर ई-रिक्षा रस्त्यावर आल्या, इंदोरा चौकात त्यांची रांग लागायला लागली आणि रिक्षावाले "बॅटरी बसली" म्हणत दारात येऊ लागले. बॅटरीचं जे काही मला कळतं ते त्यांच्याकडून आलं. चार बॅटऱ्यांवर ज्याचं घर चालतं, तो माणूस बॅटरीचा आवाजसुद्धा ओळखतो.

कूलरच्या कामानं मला एक वाईट सवय लावली होती. पंखा हळू फिरायला लागला की दहातल्या आठ वेळा कपॅसिटर गेलेला असतो. बदलला की काम झालं. बॅटरीच्या गाडीत असा एक ठरलेला आरोपी नसतो. जोर कमी पडण्याची कारणं हवा, ब्रेक, थ्रॉटल, वायरिंग, बॅटरी, कंट्रोलर, मोटर अशी कुठंही असू शकतात, आणि बरेचदा दोन-तीन एकत्र असतात. जुन्या गाडीत तर हमखास.

त्यात ताईंची गाडी बिनापासिंगची. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असेल, तर कायद्याच्या लेखी ते मोटार वाहनच नाही. लायसन्स नको, आरटीओ नको, नंबर प्लेट नको. ज्या बायकांनी कधी लायसन्स काढलं नाही, त्यांच्यासाठी या गाडीनं फार मोठं दार उघडलं, हे मी रोज डोळ्यांनी बघतो. पण तीच गाडी जुनी घ्यायला गेलं की अडचण कळते. आरसी बुक नाही, म्हणजे गाडी कोणत्या सालची, कितव्या मालकाची, याला कागदच नाही. विकणारा सांगेल ते वर्ष. मीटरवरचे किलोमीटर तर नवा मीटर लावला की शून्य. अशा गाडीचा खरा इतिहास एकाच ठिकाणी सापडतो, बॅटरीवरच्या तारखेच्या शिक्क्यात.

मी सीट उघडली नाही. आधी विचारलं, की जोर कमी होतो तो हळूहळू, की एकदम तुटतो? एकदम. तेव्हा मीटरवर काय दिसतं? "सपाटीवर चार काड्या दिसतात, चढावर एक उरते, थांबलं की पुन्हा तीन." आणि हेडलाइट? "तो तं चांगला लखलखीत राहते. म्हणून तं म्हनते, बॅटरी चांगली आहे."

पेट्रोलच्या गाडीवरून आलेला हा हिशोब आहे, आणि तो बहुतेकांचा असतो. लाइट मंद म्हणजे बॅटरी कमजोर. या गाड्यांमध्ये हेडलाइटला बारा व्होल्ट देणारा कन्व्हर्टर वेगळा असतो. वर साठ येवोत की पंचावन्न, तो खाली बारा देत राहतो. म्हणून बॅटरी अखेरच्या घटका मोजत असली तरी लाइट लखलखीत. काड्यांचंही तसंच. त्या फक्त व्होल्टेज दाखवतात, आत माल किती उरला ते नाही. काड्या चारवरून एकावर पडतात आणि थांबलं की परत चढतात, हे ताईंनी नीट पाहून ठेवलं होतं, आणि निम्मं निदान त्यातच होतं. गिऱ्हाईक जे सांगतं ते पूर्ण ऐकून घ्यावं. मोटर गरम होते हा ताईंचा अंदाज चुकला होता, पण त्यांनी पाहिलेलं एकही चूक नव्हतं.

मग गाडी मोठ्या स्टँडवर चढवून मागचं चाक हातानं फिरवलं. एक फेरासुद्धा पुरा झाला नाही, अडकल्यासारखं थांबलं. इथं घाई केली तर माणूस फसतो. कंट्रोलरमधला एखादा मॉसफेट शॉर्ट झाला तरी चाक असंच जड होतं, कारण मोटरच स्वतःला ब्रेक लावते. ते ओळखायला मोटरकडे जाणाऱ्या तीन जाड वायरी, पिवळी, हिरवी, निळी, सोडवायच्या आणि चाक पुन्हा फिरवायचं. सोडवल्या, तरी चाक जडच. म्हणजे दोष ब्रेकचा. लायनर झिजल्यावर कोणीतरी ॲडजस्टिंग नट आवळत नेला होता, म्हणून मागचे ब्रेकशू ड्रमला कायम घासत होते. नट सैल केला, शू साफ केले, मग चाक पाच-सहा फेरे फिरलं. टायरमध्ये हवाही निम्मीच होती.

थ्रॉटलही तपासला. बंद असताना ०.८ व्होल्ट, पूर्ण पिळल्यावर ३.९. बरोबर होता.

मग बॅटऱ्या. बारा व्होल्टच्या पाच, एकामागे एक जोडलेल्या, मिळून साठ. गाडी रात्रभर चार्ज करून, तासभर तशीच ठेवून सकाळी मोजल्या: १२.९, १२.८, १२.९, १२.७, १२.९. बेरीज ६४.२. कागदावर नापास करावी अशी एकही नाही. पुष्कळ दुकानांत काम इथंच थांबतं. "बॅटरी टनाटन आहे, कंट्रोलर बदला," असं सांगून. मीही हे केलेलं आहे. ते पुढे सांगतो.

उभ्या गाडीतली बॅटरी खरं सांगत नाही. सपाट रस्त्यावर ही गाडी चार-पाच अँपिअर ओढते, चढावर दहाच्या घरात. तेव्हा काय होतं, ते तेव्हाच बघावं लागतं. त्यासाठी मी एक पट्टी करून ठेवली आहे. प्लायवुडच्या फळीवर पाच छोटे डिजिटल व्होल्टमीटर, लाल आकड्यांचे, प्रत्येकाच्या दोन वायरी एकेका बॅटरीला. फळी पायदानापाशी बांधायची आणि समोर मोबाइल रेकॉर्डिंगला लावायचा, म्हणजे चालवताना नजर रस्त्यावरच राहते. मागच्या सीटवर डब्यांच्या वजनाइतकी रेतीची गोणी बांधली. मी ताईंपेक्षा जड, म्हणून माझ्या हाताखालचा पोरगा गाडीवर बसला. तो अंगानं बारीक आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला निघालो. आधी जरीपटका-मानकापूर असे सहा-सात किलोमीटर फिरवली, कारण ताईंची गाडी बहुतेकदा परतताना बसायची, बॅटरी पूर्ण भरलेली असताना नाही. मग ऑटोमोटिव्ह चौक. तिथून एलआयसी चौकापर्यंत कामठी रोडवर जो ५.६७ किलोमीटरचा दुमजली पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तो माझ्या कामाला फार सोयीचा झाला आहे. खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल, वर मेट्रो. आणि गड्डीगोदामला उड्डाणपुलाखालून रेल्वेही जाते, म्हणजे तिथं चार मजले. नागपूर सपाट गाव. कमजोर गाडी शोधायची तर सेमिनरी हिल्सला जा, नाहीतर पूल गाठा. या पुलाच्या सुरुवातीला लांब चढाव मिळतो आणि मध्ये सिग्नल नाही.

पोरगा पूल निम्मा चढला आणि गाडी बसली. मी मागून माझ्या गाडीवर होतो, कडेला घ्यायला लावली. तिथंच उभं राहून मोबाइलवरचं रेकॉर्डिंग पाहिलं. चढाव लागेपर्यंत पाचही आकडे हातात हात घालून चालत होते. चढावाला लागले तसा तिसरा आकडा सुटला. ११... १०.२... ९... ७.५... बाकीचे चौघं ११.८ वर उभे, आणि तिसरी ६.७ वर आली त्या क्षणी मोटरचा जोर तुटला. पोरगा म्हणाला, "उस्ताद, हिनंच सगळ्यांना खाली ओढलं." तसं ते होतंच. पाच जणांनी एका दोरीत बांधून घेतलं की सगळ्यांमधून करंट तोच वाहतो. ज्याच्यात दम नाही त्यालाही तो द्यावाच लागतो. दोन मिनिटं आराम मिळाला की तिसरी पुन्हा १२ च्या वर येऊन बसायची, गाडी चालायची, आणि ताईंना वाटायचं मोटर थंड झाली.

पण एक हिशोब जमेना. चौघींचे ११.८ म्हणजे ४७.२, त्यात ६.७ मिळवले की ५३.९. कंट्रोलरच्या लेबलवर व्होल्टेज तुटायची हद्द ५२.५ लिहिलेली. मग गाडी ५३.९ ला का बसली? मधला १.४ व्होल्ट कुठं गेला?

तिथं पुलावर उभ्या उभ्या मी बॅटरीच्या डब्याच्या प्लगला हात लावला आणि झटकन मागे घेतला. काळ्या प्लॅस्टिकच्या प्लगचा एक कोपरा वितळून चपटा झाला होता, आतली पितळी पिन निळसर-तपकिरी पडली होती, कूलरच्या जळलेल्या कॉइलचा असतो तसा वास. सैल पिन. दहा अँपिअर करंटमध्ये १.४ व्होल्ट तिथं पडत होते, म्हणजे १४ वॅट उष्णता, काड्यापेटीएवढ्या जागेत. माझा सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचा आहे. त्याच्या निम्म्याहून जास्त धग ताईंच्या सीटखाली प्रत्येक चढावाला पेटत होती. नुसती बॅटरी बदलून गाडी दिली असती तर ती चढली असती, आणि मे महिन्यात कधीतरी तो प्लग पेटला असता. या विचारानं मला पुढचे दोन दिवस बेचैन केलं.

त्या संध्याकाळी पाचही बॅटऱ्या काढून, सुट्या सुट्या पुन्हा भरून, दुकानाच्या फळीवर ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीला मोटारसायकलचा ६० वॅटचा हॅलोजन बल्ब जोडला. बल्ब पाच अँपिअर खातो. व्होल्टेज १०.५ वर येईपर्यंत किती वेळ जातो ते घड्याळावर लिहायचं. याला भारी यंत्र लागत नाही, वेळ लागतो. शटर अर्ध ओढलं, ट्यूबलाइट बंद केली. पाच बल्बांनी दुकान उजळून निघालं. शेजारचे पापडवाले काका दुकान बंद करून जाताना वाकून बघून गेले, "आज तुम्हारी दिवाली है क्या?" तास झाला आणि तिसरा बल्ब पिवळा पडायला लागला. आधी पांढऱ्याचा पिवळा, मग नारिंगी. एक तास दहा मिनिटांनी मी तो काढला. बाकीचे चार तसेच जळत राहिले. पहिली ३ तास ५ मिनिटं, दुसरी २ तास ५५, चौथी ३ तास १०, पाचवी २ तास ५०. आयुष्य उतरलेलं, पण चौघी सारख्या उतरलेल्या.

तिसरीवरचा स्टिकर नखानं खरवडलेला होता. चौघींवर एकाच महिन्याचा शिक्का, हिच्यावर काहीच नाही. कोणीतरी दुसऱ्या गाडीतली मेलेली बॅटरी यात घालून संच पुरा केला होता. ताईंना मी हे लपवलं नाही. त्या गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "देणाऱ्याच्या घरी बी लेकरं असतीन न, भाऊ."

लेड-ॲसिड बॅटरी १८५९ मध्ये फ्रान्समध्ये गॅस्तों प्लाँते यांनी बनवली, आणि एवढ्या वर्षांत तिचा एक स्वभाव सुटलेला नाही. रिकामी ठेवलेली तिला चालत नाही. न भरता ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे धरतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. जुन्या गाड्यांच्या दुकानात गाडी चार-सहा महिने उन्हात उभी असते, चार्ज कोण करतो? वर नागपूरचं ऊन. २०१३ च्या मे महिन्यात इथं ४७.९ अंश नोंदले गेले होते. तापमान दहा अंशांनी वाढलं की अशा बॅटरीचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, आणि डब्यात मधोमध बसलेलीला दोन्ही बाजूंनी धग. तिसरी मेली यात तिचा तरी काय दोष.

आता बदलायचं काय, हा पैशाचा प्रश्न होता. पाचही नव्या घ्यायच्या तर गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर खर्च. एकच नवी घालायची तर स्वस्त, पण मी ते करत नाही. चार्जर पाचांची बेरीज बघतो, प्रत्येकीची तब्येत नाही. नवी आणि थकलेल्या एका रांगेत बसवल्या की कोणी वेळेआधी भरते, कोणी अर्धपोटी राहते, आणि सहा महिन्यांत नवीही म्हातारी होते. तिसरा मार्ग लोक स्वतःच सांगतात, लिथियम टाका. नव्या गाड्यांत बहुतेक लिथियमच येतं. एप्रिल २०१९ पासूनच्या फेम-२ योजनेत लेड-ॲसिडच्या गाड्यांना अनुदानच नव्हतं. पण लिथियमच्या बॅटऱ्यांना एआयएस-१५६ ची कडक चाचणी उगीच लावलेली नाही. कुठून काढलेले सेल, कोणी बांधलेला पॅक, जुनाच लेड-ॲसिडचा चार्जर, आणि वर बाईमाणूस बावीस डबे घेऊन बसलेलं. मी नाही म्हणतो. गिऱ्हाईक दुसरीकडे जातं, जाऊ दे.

मी जोड शोधली. मोडीत आलेल्या एका गाडीतल्या त्याच मापाच्या बॅटऱ्या माझ्याकडे होत्या. त्या एकेक करून बल्बवर लावल्या, तीन रात्री गेल्या. एक २ तास ५५ मिनिटं चालली. चौघींच्या वयाची. ती बसवली. प्लग कापून फेकला, दोन्ही टोकांना जाड पितळी पिनांचा नवा प्लग लावला, लग नव्यानं दाबले. तिसरी शिशाच्या भावानं भंगारात गेली, ते पैसे बिलातून कमी केले. एकूण बिल २,१५० रुपये.

तीन रात्री एका बॅटरीपाठी घालवतोस म्हणून घरून बोलणी बसतात. तरी मी घालवतो, त्याचं कारण एक चौकीदार आहे.

तीन वर्षांपूर्वी तो आला होता. रात्रपाळी करायचा, अशीच जुनी गाडी, अशीच तक्रार. जोर नाही, मध्येच झटके. बॅटऱ्या उभ्या मोजल्या, ठीक दिसल्या. कामाची गर्दी होती. कंट्रोलर बदलला, २,८०० रुपये घेतले. आठ दिवसांनी तो पुन्हा आला, गाडी ढकलत. तेव्हा नीट बसून बघितलं. मोटरच्या आत तीन हॉल सेन्सर असतात, चाक कुठं आहे ते कंट्रोलरला सांगणारे. त्यांच्या बारीक वायरी ॲक्सलमधून बाहेर येतात. एक वायर ॲक्सलच्या कडेला घासून सोललेली होती, चाक वळलं की टेकायची. दोन इंच वायर आणि थोडी स्लीव्ह, एवढंच काम. जुना कंट्रोलर निर्दोष होता. मी गाडी दुरुस्त करून दिली, त्या वेळी पैसे घेतले नाहीत, पण आधीचे २,८०० परत करायला माझा हात गेला नाही. महिन्याभरानं मनाला लागलं म्हणून पैसे घेऊन त्याच्या गेटवर गेलो. तो सायकलीवर आलेला. कंट्रोलरच्या पैशांसाठी उसनं घेतलेलं फेडायला त्यानं गाडीच विकून टाकली होती. पैसे त्यानं घेतले, मला चहा पाजला, एक शब्द बोलला नाही. त्या चहाची चव अजून तोंडात आहे.

ताईंची गाडी देण्याआधी पुन्हा पूल. तीच गोणी, तोच पोरगा, तीच पट्टी. या वेळी पाचही आकडे चढाव संपेपर्यंत साडेअकराच्या वर राहिले. प्लगवर हात ठेवला, कोमट. ताईंना एक गोष्ट साफ सांगितली. ही २५० वॅटच्या आतली गाडी आहे. पेट्रोलच्या स्कूटरसारखी पुलावर पळणार नाही. पंधराच्या वेगानं चढेल, पण चढेल. तेवढा तिचा जीव आहे, त्याला खराबी म्हणू नका. आणि कोणी सांगितलं की कंट्रोलरची वेगमर्यादेची वायर काढून देतो, तर काढू देऊ नका, कारण तो वेग याच पाच थकलेल्या बॅटऱ्यांच्या अंगातून निघणार आहे. डबे देऊन आलं की थोडा वेळ थंड होऊ द्या, मग त्याच दिवशी चार्जिंगला लावा, रिकामी ठेवून झोपू नका.

सीटच्या झाकणाला आतून कागदी टेप लावून त्यावर मार्करनं तारीख आणि पाच बॅटऱ्यांचे आकडे लिहिले. हे मी आता प्रत्येक जुन्या गाडीत करतो. पुढचा मेकॅनिक कोणीही असो, त्याला सुरुवात तरी मिळेल. ताईंनी वाकून ते आकडे वाचले आणि विचारलं, "हे घरी पाहता येते का?" त्यांचा मुलगा दहावीच्या विज्ञानात व्होल्टमीटर शिकलेला होता. मी माझा एक जुना मल्टिमीटर काढून दिला, लाल वायर कुठं, काळी कुठं, ते दोनदा करून दाखवलं.

एप्रिलच्या शेवटी रात्री नऊला त्यांचा फोन आला. मागं कुकरची शिट्टी वाजत होती. मुलगा आकडे सांगत होता, त्या मला ऐकवत होत्या. "एक नंबर बारा पॉइंट सहा. दोन, बारा पॉइंट सहा. तीन, बारा पॉइंट सात, हे तुमची नवी हो भाऊ. चार, बारा पॉइंट एक. पाच, बारा पॉइंट सहा." मग थोडं थांबून, "चार नंबर काऊन मागं पडून राहिली? उद्या आणू का?"

आणा म्हटलं. रात्रभर चार्ज करा, सकाळी तासभर उभी ठेवा, आणि डब्यांची पिशवी आणायची नाही, माझ्याकडे गोणी आहे.